दम्याच्या इंजेक्शनचा गुण कुणाला येतो?

ओमॅलिझुमॅब हे मध्यम ते तीव्र ॲलर्जिक दम्यावर त्वचेखाली टोचायचे औषध आहे. ‘झोलेअर’ या नावाने ते जगभर ओळखले जाते. ऑस्ट्रेलियात २००२ साली, अमेरिकेत जून २००३ मध्ये आणि युरोपीय संघात २००५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. दम्यासाठी मान्य झालेले हे पहिले बायोलॉजिक औषध, म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेले प्रथिनरूप औषध. ते दर दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यावे लागते आणि गुण आला तर उपचार वर्षानुवर्षे चालतो.

वीस वर्षांहून अधिक काळ वापरात असूनही या औषधाबद्दल रुग्ण जे सांगतात त्यात एकवाक्यता नाही. कुणाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुटतात आणि दवाखान्यात भरती होणे थांबते. कुणाला सहा महिने इंजेक्शने घेऊनही काडीचा फरक जाणवत नाही. कुणाचे सांधे दुखू लागतात, तर एखाद्याच्या अंगावर पहिल्याच डोसनंतर गांधी उठून त्याला तातडीचे उपचार द्यावे लागतात. यातले कोणतेच अनुभव खोटे मानण्याचे कारण नाही. हे इंजेक्शन सबंध दम्यावर काम करत नाही, दम्याच्या एका ठरावीक वाटेवर काम करते. त्यामुळे रुग्णाचा दमा त्या वाटेने येतो का, डोस पुरेसा आहे का आणि ‘फरक’ कशात मोजला जातो, यांवर अनुभव ठरतो.

महाराष्ट्रात ‘दम्याचे इंजेक्शन’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर वेगळीच गोष्ट येते. रात्री धाप लागली की जवळच्या दवाखान्यात डेरिफायलीन किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन मिळते आणि थोड्या वेळाने श्वास मोकळा होतो. ओमॅलिझुमॅब त्या जातीचे औषध नाही. चालू असलेला झटका ते थांबवत नाही, पुढचे झटके टाळण्यासाठी ते दिले जाते. टोचल्यावर तासाभरात छाती हलकी होईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची पहिल्याच भेटीत निराशा होते.

औषध काय करते

ॲलर्जीच्या मुळाशी असलेले प्रतिपिंड म्हणजे आयजीई. अमेरिकेत डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याने १९६६ मध्ये आणि स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन व बेन्निक यांनी १९६७ मध्ये ते स्वतंत्रपणे शोधून काढले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत त्याचे नाव निश्चित झाले.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात धुळीतले सूक्ष्म कीटक, झुरळांचे अवशेष, परागकण, बुरशी किंवा पाळीव प्राण्यांचा कोंडा यांविरुद्ध आयजीई तयार होते. ते श्वासनलिकेच्या अस्तरातील मास्ट पेशींवर जाऊन बसते. तोच पदार्थ पुन्हा श्वासातून आत आला की तो पेशीवरच्या आयजीईला चिकटतो, पेशी फुटल्यासारखी उघडते आणि हिस्टामिन, ल्युकोट्राइन यांसारखी रसायने बाहेर पडतात. श्वासनलिका आवळते, तिला सूज येते, कफ वाढतो आणि छातीत घरघर सुरू होते.

ओमॅलिझुमॅब हेही एक प्रतिपिंडच आहे, पण ते आयजीईला पकडण्यासाठी बनवलेले आहे. आयजीईचा जो भाग पेशीवर बसतो, नेमका तोच भाग ते झाकते. त्यामुळे रक्तात मोकळे फिरणारे आयजीई पेशीपर्यंत पोहोचूनही तिच्यावर बसू शकत नाही. पेशीवर आधीच बसलेल्या आयजीईला मात्र ते हात लावत नाही. मोकळे आयजीई कमी झाले की पेशींवरच्या त्याच्या जागाही हळूहळू घटतात आणि पेशी पूर्वीइतक्या लवकर भडकत नाहीत.

यातल्या प्रत्येक टप्प्याला वेगळा वेळ लागतो. रक्तातील मोकळे आयजीई पहिल्या डोसनंतर तासाभरातच घसरते आणि योग्य मात्रेत ९६ टक्क्यांहून अधिक कमी होते. बेसोफिल या पांढऱ्या पेशींवरील जागा काही आठवड्यांत घटतात. ऊतींमधल्या मास्ट पेशींना त्याहून जास्त काळ लागतो; त्वचेतील मास्ट पेशींच्या बाबतीत हा काळ सुमारे ७० दिवसांचा आढळला आहे. म्हणूनच गुण आला की नाही हे ठरवण्यासाठी साधारण १६ आठवड्यांची मुदत धरतात. एखाद्याला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच बरे वाटू लागते, तर एखाद्याला चौथ्या महिन्यात. दुसऱ्या डोसनंतर ‘काही उपयोग नाही’ म्हणून उपचार सोडणाऱ्याने औषधाला पुरता वेळच दिलेला नसतो.

याच काळात एक गैरसमज प्रयोगशाळेच्या अहवालातून होतो. उपचार सुरू असताना आयजीईची साधी रक्ततपासणी केली तर आकडा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो. ओमॅलिझुमॅबने पकडलेले आयजीई शरीराबाहेर सावकाश टाकले जाते आणि नेहमीची तपासणी मोकळे व पकडलेले असे दोन्ही मिळून मोजते. अहवालातला वाढलेला आकडा आजार बळावल्याची खूण नसते. औषध थांबवल्यानंतरही वर्षभरापर्यंत हा आकडा चढा राहू शकतो, म्हणून त्यावरून नवा डोस ठरवत नाहीत.

डोसचा तक्ता

रक्तातील सगळे मोकळे आयजीई पकडायचे तर औषधही त्या प्रमाणात हवे. म्हणून ओमॅलिझुमॅबचा डोस दोन आकड्यांवर ठरतो: उपचारापूर्वीचे आयजीई आणि रुग्णाचे वजन. अमेरिकेत १२ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी वापरला जाणारा तक्ता पाहिला की दोन रुग्णांच्या अनुभवांत किती अंतर पडू शकते ते कळते.

५५ किलो वजनाच्या आणि आयजीई ८० असलेल्या रुग्णाला चार आठवड्यांतून एकदा १५० मिलिग्रॅम, म्हणजे एक टोचणी पुरते. त्याच वजनाच्या पण आयजीई ६५० असलेल्या रुग्णाला दर दोन आठवड्यांनी ३७५ मिलिग्रॅम लागते. पावडरच्या बाटलीतले औषध एका जागी १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टोचत नाहीत, त्यामुळे ते वापरले तर प्रत्येक भेटीत त्याला तीन टोचण्या घ्याव्या लागतात. या हिशेबाने पहिल्याची वर्षात साधारण १३ इंजेक्शने होतात, दुसऱ्याची ७८. वजन ८० किलो आणि आयजीई ६५० असेल तर या तक्त्यात डोसच सापडत नाही, कारण मिळेल त्या कमाल मात्रेनेही पुरेसे आयजीई पकडले जाईल याची खात्री नसते. युरोपच्या तक्त्याची मर्यादा अधिक सैल आहे. तेथे आयजीई १५०० पर्यंत आणि डोस ६०० मिलिग्रॅमपर्यंत जातो. उपचार चालू असताना वजन बरेच वाढले किंवा घटले तर डोस पुन्हा ठरवावा लागतो. ते राहून गेले तर आधी गुण देणारे औषध अपुरे पडू शकते.

टोचण्याचा अनुभवही सगळ्यांचा सारखा नसतो. सुरुवातीची अनेक वर्षे हे औषध फक्त पावडरच्या बाटलीत मिळत असे आणि आजही काही ठिकाणी तसेच वापरले जाते. १५० मिलिग्रॅमच्या बाटलीत १.४ मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडतात. बाटली हलवून फेस आणायचा नसतो. ती उभी धरून मिनिटभर गोल फिरवतात आणि मग दर पाच मिनिटांनी पाच-दहा सेकंद पुन्हा फिरवतात. पावडर विरघळायला १५ ते २० मिनिटे लागतात, कधी त्याहून जास्त. ४० मिनिटांतही विरघळली नाही तर ती बाटली वापरत नाहीत. तयार झालेले द्रावण दाट असते. ते सुईतून सावकाश उतरते आणि एक टोचणी पूर्ण व्हायला पाच ते दहा सेकंद लागतात. २०१८ मध्ये अमेरिकेत आधीच भरलेली सिरिंज आली आणि एप्रिल २०२१ मध्ये, पहिले काही डोस दवाखान्यात सुखरूप पार पडलेल्या निवडक रुग्णांना ती घरी स्वतः टोचून घेण्याची परवानगी मिळाली. पंधरवड्याला अर्धा दिवस दवाखान्यात घालवणारा रुग्ण आणि फ्रीजमधून सिरिंज काढून घरीच टोचून घेणारा रुग्ण यांच्या बोलण्यात फरक पडणारच.

‘फरक पडला’ म्हणजे काय

तीव्र दम्याच्या रुग्णाला दोन प्रकारचा त्रास असतो. एक रोजचा: जिना चढताना दम लागणे, रात्री खोकल्याने जाग येणे, वारंवार पंप घ्यावा लागणे. दुसरा अधूनमधून येणाऱ्या मोठ्या झटक्यांचा, ज्यात स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा रुग्णालय लागते. ओमॅलिझुमॅबचा भक्कम पुरावा आहे तो मुख्यतः दुसऱ्याबाबत. फुंकून करायच्या फुप्फुसाच्या चाचणीत त्याने होणारी सुधारणा सरासरीने फारच थोडी असते.

वर्षातून चार वेळा भरती होणारा रुग्ण वर्षभरात एकदाही भरती झाला नाही, तर घरच्यांना औषध रामबाण वाटते. ज्याला मोठे झटके क्वचितच येतात पण रोज धाप लागते, त्याला तेच औषध निरुपयोगी वाटू शकते. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

चाचण्यांमधले आकडे याच नजरेने पाहावे लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीव्र दम्याच्या ८५० रुग्णांवरील ४८ आठवड्यांच्या चाचणीत ओमॅलिझुमॅब घेणाऱ्यांना खोटे औषध, म्हणजे तसेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन, घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी झटके आले. त्याच वर्षी अमेरिकी शहरांच्या गरीब वस्त्यांमधील ४१९ मुले व तरुणांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात ६० आठवड्यांत एक तरी झटका आलेल्यांचे प्रमाण खोट्या औषधाच्या गटात ४८.८ टक्के होते, ओमॅलिझुमॅबच्या गटात ३०.३ टक्के. शाळा सुरू होऊन सर्दीची साथ पसरते त्या शरद ऋतूत या मुलांमध्ये झटक्यांची जी लाट येत असे, ती औषध घेणाऱ्या गटात जवळजवळ नाहीशी झाली. साथीच्या हंगामाच्या तोंडावर औषध सुरू करणाऱ्याला गुण ठळक जाणवावा आणि एरवी बऱ्या जाणाऱ्या महिन्यांत सुरू करणाऱ्याला फारसे काही कळू नये, हे यावरून समजते.

२००५ मधील एका चाचणीतला आकडा अधिक विचार करायला लावतो. इतर औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या तीव्र दम्याच्या रुग्णांत, डॉक्टरांच्या एकंदर मतानुसार गुण आलेल्यांचे प्रमाण ओमॅलिझुमॅबच्या गटात ६०.५ टक्के होते. खोटे औषध मिळालेल्यांतही ते ४२.८ टक्के होते. दमा मुळातच चढउतारांचा आजार आहे. माणूस नवे औषध सुरू करतो ते बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतरचे काही महिने औषधाविनाही थोडे बरे जाण्याची शक्यता असते. शिवाय नियमित तपासणी सुरू झाली की पंप वेळेवर आणि नीट घेतला जातो. म्हणून एका रुग्णाला बरे वाटले एवढ्यावरून श्रेय इंजेक्शनला देता येत नाही. उलट, दहापैकी सुमारे चार जणांना खऱ्या औषधानेही पुरेसा गुण आला नव्हता, हेही त्याच आकड्यांत दिसते.

दम्याच्या निरनिराळ्या वाटा

ॲलर्जीची चाचणी सकारात्मक आली म्हणजे दमा ॲलर्जीमुळेच होतो असे नाही. अनेकांच्या त्वचेवर धुळीच्या कीटकांची चाचणी उमटते, पण त्यांचे झटके येतात ते सर्दीच्या विषाणूंमुळे, धुरामुळे किंवा थंड हवेमुळे. काहींच्या श्वासनलिकेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी असते आणि त्यामागे इंटरल्युकिन-५ हे रसायन असते. काहींमध्ये न्यूट्रोफिल पेशी जास्त असतात, तर काहींमध्ये दाह फारसा दिसतच नाही.

ओमॅलिझुमॅबच्या ८५० रुग्णांच्या चाचणीतली माहिती २०१३ मध्ये पुन्हा तपासली गेली. श्वासातील नायट्रिक ऑक्साइड (श्वासनलिकेतील दाहाची एक खूण) जास्त असलेल्यांमध्ये झटक्यांची घट ५३ टक्के निघाली, कमी असलेल्यांमध्ये १६ टक्के. रक्तातील इओसिनोफिल जास्त असलेल्यांमध्ये ती ३२ टक्के होती, कमी असलेल्यांमध्ये ९ टक्के. म्हणजे २५ टक्के ही सरासरी दोन अगदी भिन्न गटांना एकत्र केल्याने आलेली होती. तरीही या खुणांवर डोळे मिटून भिस्त ठेवता येत नाही. फ्रान्समध्ये ८७२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा इओसिनोफिल जास्त असोत वा कमी, ओमॅलिझुमॅबचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. एखाद्याला आधीच खात्रीने ‘तुम्हाला लागू पडेल’ असे सांगणारी चाचणी त्यामुळे अजून हाती नाही.

रुग्णांची निवड किती महत्त्वाची, याचा धडा मेपोलिझुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनच्या इतिहासात मिळतो. ते इंटरल्युकिन-५ ला रोखते. २००० साली त्याच्या पहिल्या छोट्या अभ्यासात रक्तातील इओसिनोफिल घटले, पण दम्यावर परिणाम दिसला नाही. २००७ मध्ये ३६२ रुग्णांच्या चाचणीतही तेच झाले आणि औषध निकालात निघते की काय असे वाटू लागले. या चाचण्यांत दम्याचे रुग्ण सरसकट घेतले होते. पुढे इंग्लंडमधील लेस्टर आणि कॅनडातील हॅमिल्टन येथील डॉक्टरांनी ज्यांच्या कफात इओसिनोफिल टिकून राहतात असेच रुग्ण निवडले. २००९ मध्ये दोन्ही अभ्यास प्रसिद्ध झाले. लेस्टरच्या ६१ रुग्णांत वर्षभरात सरासरी झटके खोट्या औषधावर ३.४ होते, मेपोलिझुमॅबवर २.०. हॅमिल्टनच्या २० रुग्णांत स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करता आल्या. औषध तेच होते, फक्त ते योग्य माणसांना दिले गेले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

गुण न येण्यामागे कधी कधी निदानच चुकलेले असते. विडी-सिगारेटमुळे किंवा चुलीच्या धुरामुळे झालेला फुप्फुसांचा जुनाट आजार, श्वास घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्या चुकीच्या वेळी मिटणे, रुंदावलेल्या श्वासनलिका, यांनाही ‘दमा’ म्हटले जाते. त्यावर आयजीई अडवून काही साधत नाही. पंप ओढण्याची पद्धत चुकीची असेल, तो अधूनमधूनच घेतला जात असेल, किंवा घरात रोज मच्छर अगरबत्ती आणि धूप जळत असेल, तर महागडे इंजेक्शनही तोकडे पडते. म्हणूनच जाणते डॉक्टर इंजेक्शन लिहून देण्याआधी रुग्णाला समोर बसवून पंप घेऊन दाखवायला सांगतात.

दुष्परिणाम आणि त्यांचा अर्थ

टोचल्या जागी सूज, लाली, खाज किंवा दुखणे ही सर्वांत सामान्य तक्रार आहे. प्रौढांच्या चाचण्यांत ती ओमॅलिझुमॅब घेणाऱ्या ४५ टक्के रुग्णांनी केली आणि खोटे इंजेक्शन घेणाऱ्या ४३ टक्के रुग्णांनीही. म्हणजे बराचसा त्रास सुईचा होता. सांधेदुखी ८ टक्के विरुद्ध ६ टक्के, थकवा ३ टक्के विरुद्ध २ टक्के अशी नोंद आहे. क्वचित डोसनंतर एक ते पाच दिवसांत ताप, पुरळ आणि सांधेदुखी एकत्र येते. तशी लक्षणे दिसली तर पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे लागते.

सांधेदुखी आणि थकव्याचे आणखी एक कारण सहज नजरेआड होते. इंजेक्शनचा गुण येऊ लागला की वर्षानुवर्षे चाललेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कमी केल्या जातात. गोळ्यांमुळे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे मंदावलेले असते. मात्रा उतरली की अंग मोडून येते, सांधे दुखतात, गळून गेल्यासारखे होते. गोळ्यांनी दाबून ठेवलेला इसब किंवा नाकातले मांसल कोंबही पुन्हा डोके वर काढतात. क्वचित रक्तवाहिन्यांच्या दाहाचा एक गंभीर आजार याच काळात उघडा पडतो. पायांना मुंग्या व बधिरपणा, अंगावर चट्टे, रक्तातील इओसिनोफिल भराभर वाढणे या त्याच्या खुणा. रुग्णाच्या हिशेबी हे सारे इंजेक्शनच्या खाती जमा होते. गोळ्या एकदम न सोडता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायच्या असतात, त्याचे कारण हेच.

सर्वांत गंभीर धोका ॲनाफिलॅक्सिसचा, म्हणजे घसा सुजणे, श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे अशा तीव्र रिॲक्शनचा. दम्याच्या चाचण्यांत तो ३५०७ पैकी ३ रुग्णांत आढळला. औषध बाजारात आल्यावर जून २००३ ते डिसेंबर २००६ या काळात सुमारे ५७,३०० रुग्णांत हे प्रमाण किमान ०.२ टक्के असल्याचा अंदाज निघाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेष्टनावर सर्वांत कडक स्वरूपाची, चौकटीतली सूचना छापायला लावली. नोंद झालेल्या घटनांपैकी ३९ टक्के पहिल्या डोसनंतरच्या होत्या, पण काही वर्षभराहून अधिक काळ सुरळीत डोस घेतल्यानंतरच्या. साधारण एकतृतीयांश अर्ध्या तासाच्या आत घडल्या, काही मात्र बारा तासांनंतर. त्यामुळे तज्ज्ञांच्या गटाने पहिल्या तीन डोसनंतर दोन तास आणि पुढे प्रत्येक वेळी अर्धा तास रुग्णाला थांबवून ठेवावे असे सुचवले. बहुतेकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. शेकडो रुग्णांतून एखाद्याच्याच तो कामी येतो आणि तो एक कोण असेल हे आधी सांगता येत नाही.

कर्करोगाची शंका सुरुवातीच्या चाचण्यांतून आली होती. पाच वर्षे चाललेल्या मोठ्या निरीक्षणात औषध घेणारे व न घेणारे यांच्यात कर्करोगाचे प्रमाण सारखेच आढळले. त्याच निरीक्षणात हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास औषध घेणाऱ्यांमध्ये जास्त नोंदले गेले. या गटातील रुग्णांचा दमा मुळातच अधिक तीव्र होता, त्यामुळे दोष पूर्णपणे औषधाचा ठरत नाही. तरी २०१४ मध्ये अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात ही नोंद घालण्यात आली.

भारतातील परिस्थिती

भारतात या उपचारापुढे काही वेगळे प्रश्न उभे राहतात. जंतांमुळेही आयजीई वाढते. तेव्हा चढा आकडा दिसला म्हणून तो ॲलर्जीचाच, असे धरता येत नाही आणि जंतांचा संसर्ग असल्यास त्यावर आधी उपचार करणे शहाणपणाचे. दुसरा प्रश्न ॲस्परजिलस बुरशीच्या फुप्फुसातील ॲलर्जीचा. भारतातील छातीरोगतज्ज्ञांना दम्याच्या रुग्णांमध्ये हा आजार वारंवार भेटतो. त्यात आयजीई हजाराच्या पुढे, कधी कित्येक हजारांवर जाते आणि डोसचा तक्ता अपुरा ठरतो. त्यावरचे पहिले उपचार म्हणजे स्टेरॉइडच्या किंवा बुरशीविरोधी गोळ्या. ओमॅलिझुमॅब तेथे निवडक रुग्णांतच वापरले जाते.

खर्च हा तिसरा प्रश्न. बहुतेक रुग्णांना तो खिशातून करावा लागतो. मग दोन आठवड्यांचा डोस चार आठवड्यांवर ढकलला जातो, किंवा दोन-तीन डोस झाल्यावर थोडे बरे वाटताच उपचार थांबतो. औषध शरीरात निम्मे व्हायला सुमारे २६ दिवस लागतात. त्यामुळे डोस चुकला तरी पहिले काही आठवडे काही जाणवत नाही, पुढे मोकळे आयजीई पुन्हा वाढते आणि झटके परततात. शिवाय औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. तालुक्याच्या गावी वीज गेली की ते सांभाळणे सोपे नसते.

किती काळ, आणि पुढे काय

ओमॅलिझुमॅबने दमा मुळापासून बरा होत नाही. सुमारे पाच वर्षे औषध घेतलेल्यांच्या एका अभ्यासात काहींचे औषध चालू ठेवले आणि काहींना नकळत खोटे इंजेक्शन दिले. पुढच्या वर्षभरात झटका न आलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६७ टक्के होते, दुसऱ्यात ४७.७ टक्के. म्हणजे औषध सोडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे वर्षभर सुखरूप राहिले. ‘सोडले तरी काही झाले नाही’ आणि ‘सोडताच पुन्हा भरती व्हावे लागले’ हे दोन्ही अनुभव त्यामुळे शक्य आहेत.

उपचाराचा गुण पारखायचा तर नोंदी उपचारापूर्वीपासून हव्यात. मागच्या वर्षभरात किती वेळा स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागला, किती वेळा तातडीने दवाखाना गाठला, आठवड्यातून किती रात्री जाग आली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, हे लिहून ठेवले तर चार महिन्यांनी तुलना करता येते. दमा नियंत्रण चाचणी म्हणून पाच प्रश्नांची एक प्रश्नावलीही वापरतात. तिचे गुण ५ ते २५ असतात. २० किंवा जास्त गुण म्हणजे दमा आटोक्यात आणि ३ गुणांची वाढ म्हणजे दखल घेण्याजोगा फरक. आठवणीवर विसंबले तर शेवटचा चांगला किंवा वाईट आठवडाच सगळा निकाल ठरवतो.

सोळा आठवडे पूर्ण डोस घेऊनही नोंदींत फरक दिसला नाही तर औषध थांबवून दुसऱ्या वाटेचा विचार करतात. इओसिनोफिल जास्त असतील तर मेपोलिझुमॅब किंवा बेनरालिझुमॅब. मेपोलिझुमॅबचा डोस प्रौढांना वजन न पाहता चार आठवड्यांनी १०० मिलिग्रॅम असतो. बेनरालिझुमॅब पहिल्या तीन डोसनंतर दर आठ आठवड्यांनी दिले तरी पुरते. नाकात कोंब किंवा अंगावर इसब असेल तर इंटरल्युकिन-४ व १३ यांना अडवणारे ड्युपिलुमॅब. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले टेझेपेलुमॅब श्वासनलिकेच्या अस्तरातून सुटणाऱ्या वरच्या टप्प्यावरील संदेशालाच रोखते, त्यामुळे इओसिनोफिल कमी असलेल्यांमध्येही त्याने झटके घटल्याचे आढळले आहे. यातले कोणतेही इंजेक्शन सुरू असले तरी रोजचा पंप डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालूच ठेवावा लागतो आणि झटका आला तर त्याची नेहमीचीच औषधे वापरावी लागतात.